जनुकांपासून जीवापर्यंत : कॉनरॅड वॉडिंग्टन यांची वाटचाल

कोंबडी अंड्यांवर बसली की एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. खेड्यापाड्यांत हे दृश्य इतके परिचयाचे आहे की त्यात नवल करण्यासारखे काही आहे, असे सहसा कुणाला वाटत नाही. परंतु बलकावरच्या एका लहानशा ठिपक्यातून डोळे, चोच, काळीज आणि पिसे उभी राहावीत, हे जीवशास्त्रातील सर्वांत अवघड कोड्यांपैकी एक होय. देहातील जवळजवळ प्रत्येक पेशीकडे जनुकांचा संच एकच असतो. असे असताना एक पेशी डोळ्याची आणि दुसरी पंखाची का होते? आणि तो निर्णय एकदा झाला की तो पुसला का जात नाही?

या प्रश्नांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणजे कॉनरॅड हॉल वॉडिंग्टन. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द आज वैद्यकीय नियतकालिकांपासून आरोग्यविषयक पुरवण्यांपर्यंत सर्वत्र आढळतो. तो शब्द १९४२ मध्ये त्यांनी रूढ केला. त्यांच्या निधनाला अर्धशतक लोटले आहे. या काळात शब्दाचा अर्थ बदलला, त्याचा गाजावाजाही झाला. मात्र तो घडविणाऱ्या माणसाचे मूळ म्हणणे काय होते, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

वायनाडचे मळे आणि इंग्लंडमधील बालपण

वॉडिंग्टन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडमधील ईव्हशॅम येथे झाला. वडील दक्षिण भारतात वायनाडच्या डोंगराळ भागात चहाच्या मळ्यावर कामास होते. त्यामुळे या मुलाची अगदी सुरुवातीची वर्षे भारतात गेली. त्या काळच्या इंग्रज कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे १९१० मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षी, त्याला नातेवाइकांकडे इंग्लंडला पाठविण्यात आले. आई-वडील मात्र १९२८ पर्यंत भारतातच राहिले. आजी, मावशी-काकांच्या सहवासात आणि आसपासच्या शेतशिवारात हा मुलगा वाढला.

ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेत त्यांना एरिक होमयार्ड नावाचे रसायनशास्त्राचे शिक्षक लाभले. अरबी किमयागारांच्या ग्रंथांचे जाणकार असलेल्या या शिक्षकांनी मुलांना रसायनशास्त्र शिकवता शिकवता जगाकडे एकमेकांत गुंतलेल्या गोष्टींचा मेळ म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. पुढे केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात वॉडिंग्टन यांनी भूगर्भशास्त्र घेतले आणि १९२६ मध्ये त्यात प्रथम वर्ग मिळविला. अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्यांच्या जीवाश्मांवर त्यांनी संशोधनही सुरू केले. अमोनाइटच्या चक्राकार शंखात आतले वेढे बालपणीचे आणि बाहेरचे प्रौढपणीचे असतात. प्राण्याचा सारा जीवनक्रम त्या एका दगडात साठवलेला असतो. वाढ म्हणजे काय, या प्रश्नाशी त्यांची पहिली गाठ पडली ती अशी.

अमोनाइटचे काम अर्धवटच राहिले. गणितज्ञ व तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. जग हे वस्तूंचे नसून घडामोडींचे बनलेले आहे, हा व्हाइटहेड यांचा विचार त्यांना मनोमन पटला होता. त्याच सुमारास ग्रेगरी बेटसन या मित्रामुळे ते जनुकशास्त्राकडे वळले. ग्रेगरी यांचे वडील विल्यम बेटसन यांनी इंग्रजीत ‘जेनेटिक्स’ हा शब्द प्रथम योजला तो १९०५ मध्ये, म्हणजे वॉडिंग्टन यांच्या जन्मवर्षी. त्या शब्दाला एक जोडशब्द देण्याचे काम पुढे त्यांच्याच वाट्याला यायचे होते.

संघटकाच्या शोधात

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भ्रूणविज्ञानात एका प्रयोगाने मोठी खळबळ उडवून दिली होती. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मान्गोल्ड यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या कोवळ्या भ्रूणातील एक विशिष्ट तुकडा काढून तो दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसविला. त्या ठिकाणी दुसरे पाठीचे आणि मेंदूचे अंग तयार होऊ लागले, आणि एका भ्रूणावर जणू जुळा भ्रूण उगवला. नवलाची गोष्ट अशी, की या नव्या अवयवांतील बराचसा भाग यजमान भ्रूणाच्याच पेशींचा होता. म्हणजे आणून बसविलेला तुकडा भोवतालच्या पेशींना काही तरी सांगत होता. श्पेमान यांनी त्याला ‘संघटक’ असे नाव दिले. हे संशोधन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हिल्डे मान्गोल्ड यांचा घरातील स्टोव्हच्या अपघातात भाजून मृत्यू झाला. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

उभयचरांत दिसणारी ही गोष्ट पक्ष्यांतही घडते काय, हा प्रश्न वॉडिंग्टन यांनी हाती घेतला. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल या शरीराबाहेर ऊती वाढविण्याचे तंत्र विकसित करीत होत्या. त्या तंत्राच्या आधारे वॉडिंग्टन यांनी कोंबडीचे आणि बदकाचे भ्रूण अंड्याबाहेर काढून काचेच्या भांड्यात वाढविले. तोवर कवचाआड घडणारी प्रक्रिया आता डोळ्यांसमोर घडू लागली, आणि मुख्य म्हणजे तीत हस्तक्षेप करता येऊ लागला. भ्रूणाच्या आरंभी जी बारीक रेषा उमटते, तिच्या भागांत संघटकाचे गुण असतात, हे त्यांनी १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते.

आता पुढची पायरी स्वाभाविक होती. संघटक जे सांगतो, ते कोणत्या रसायनाच्या भाषेत? १९३३ मध्ये वॉडिंग्टन हे जोसेफ व डोरोथी नीडहॅम या जीवरसायनशास्त्रज्ञ दांपत्यासह बर्लिनला गेले. जोसेफ नीडहॅम यांनी पुढे चीनमधील विज्ञानाचा इतिहास लिहून जगभर नाव मिळविले. बर्लिनमध्ये त्यांना ज्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, ती हिल्डे यांचे पती ओटो मान्गोल्ड यांची होती. हिटलर सत्तेवर येऊन काही महिनेच झाले होते. अशा वातावरणात ही मंडळी न्यूटच्या भ्रूणांचे अर्क काढून त्यांतील नेमका पदार्थ शोधत होती.

अपयशातून हाती लागलेले सत्य

हा शोध सफल झाला नाही. अडचण अशी होती, की संघटकाचा तुकडा उकळून वा ठेचून मृत केला तरी त्याचा परिणाम होतच होता. भ्रूणाशी काहीही संबंध नसलेले अन्य प्राण्यांच्या ऊतींचे तुकडेही तेच काम करीत होते. अखेरीस १९३६ मध्ये मिथिलीन ब्ल्यू या प्रयोगशाळेत रंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या साध्या पदार्थानेदेखील भ्रूणात चेतासंस्थेची ऊती निर्माण होऊ शकते, असे वॉडिंग्टन, नीडहॅम आणि बेल्जियन शास्त्रज्ञ जाँ ब्राशे यांना आढळले. कुठल्याही किल्लीने कुलूप उघडू लागले, तर खरी किल्ली कोणती हे ओळखायचे कसे? युरोपातील अनेक प्रयोगशाळा या टप्प्यावर थबकल्या. केंब्रिजमध्ये या कामासाठी स्वतंत्र संस्था उभारण्याची योजनाही आकारास आली नाही.

वॉडिंग्टन यांचे मोठेपण असे, की त्यांनी या अपयशाचा अर्थ उलट बाजूने लावला. इतक्या भिन्न पदार्थांना तेच उत्तर मिळत असेल, तर ते उत्तर पदार्थात नसून प्रतिसाद देणाऱ्या ऊतीतच असले पाहिजे. बाहेरून येते ते केवळ निमित्त. कोणत्या क्षणी, कोणत्या दोन-तीन दिशांपैकी एकीला लागायचे, याची तयारी ऊतीने आधीच केलेली असते. या तयारीला त्यांनी दिलेल्या नावाला मराठीत ‘सिद्धता’ म्हणता येईल. ही सिद्धता ठरावीक काळापुरतीच असते. तो काळ उलटला की तीच हाक कितीही मोठ्याने दिली तरी ऊती ऐकत नाही.

त्यांच्या या निष्कर्षाला दुजोरा मिळायला जवळजवळ सहा दशके लागली. १९९० नंतर संघटकातील नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने हाती आली. तेव्हा असे दिसून आले, की भ्रूणाच्या त्या बाह्य थराचा कल मुळातच चेताऊती होण्याकडे असतो. अन्य एक प्रथिन त्याला रोखून धरते आणि संघटकाचे काम हा अडसर दूर करण्याचे असते. सारांश, ऊती सिद्धच होती.

फळमाशीचे पंख आणि एक नवा शब्द

ऊतीची सिद्धता येते कुठून? याचे उत्तर जनुकांतच असले पाहिजे, अशी वॉडिंग्टन यांची खात्री होती. आज ही गोष्ट उघड वाटते. तेव्हा मात्र भ्रूणविज्ञान आणि जनुकशास्त्र ही दोन वेगळी घराणी होती. भ्रूणवैज्ञानिकांना जनुके म्हणजे डोळ्याचा रंग ठरविणारी किरकोळ बाब वाटे. जनुकशास्त्रज्ञांना भ्रूणाच्या घडणीत शिरण्याची गरज भासत नसे. १९३८-३९ मध्ये वॉडिंग्टन अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील थॉमस हंट मॉर्गन यांच्या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेत त्यांनी फळमाशीवर काम केले.

फळमाशीचे पंख त्यांनी वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर तपासले. पंखात दोष निर्माण करणारी वेगवेगळी जनुके नेमकी कोणत्या वेळी आणि कोणत्या वळणावर हस्तक्षेप करतात, याची त्यांनी मांडणी केली. एका जनुकात बिघाड झाला तर माशीच्या डोक्यावर स्पर्शिकेच्या टोकाशी चक्क पायासारखा अवयव उगवतो. अशा उदाहरणांवरून त्यांनी दाखविले, की वाढ ही फाटे फुटणाऱ्या रस्त्यासारखी असते आणि प्रत्येक फाट्यावर जनुकांचा कौल लागतो. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्गनायझर्स अँड जीन्स’ या ग्रंथात या दोन्ही विद्या एकत्र आल्या. ग्रंथाच्या आरंभी चित्रकार जॉन पायपर यांनी काढलेले दरीतील नदीचे चित्र होते.

१९४२ मध्ये ‘एन्डेव्हर’ या नव्या विज्ञान नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख आला. नियतकालिकाचे संपादक होते त्यांचे शाळेतील गुरू होमयार्ड. जनुके आणि प्रत्यक्ष दिसणारा जीव यांच्या दरम्यान घडणाऱ्या सर्व प्रक्रियांच्या अभ्यासाला वॉडिंग्टन यांनी या लेखात ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिले. हा शब्द त्यांनी ‘एपिजेनेसिस’ या जुन्या संकल्पनेवरून घडविला होता. अंड्यात किंवा बीजात इवलासा पूर्ण जीव आधीच दडलेला असतो, असे एकेकाळी अनेक विद्वान मानीत. जीव टप्प्याटप्प्याने नव्याने घडत जातो, असे ॲरिस्टॉटलपासूनचा दुसरा पक्ष म्हणे. वॉडिंग्टन यांच्या शब्दात या दोन्ही पक्षांचा समझोता होता. जनुके आधीपासून असतात, परंतु जीव मात्र घडावा लागतो.

युद्धकाळ आणि एडिंबरा

दुसऱ्या महायुद्धामुळे हे काम खंडित झाले. वॉडिंग्टन ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये रुजू झाले. अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजे बुडविणाऱ्या जर्मन पाणबुड्यांचा माग कसा काढावा, उपलब्ध विमानांच्या गस्ती कशा आखाव्यात, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे आकडेवारीवरून शोधण्याचे काम तेथील शास्त्रज्ञांचा गट करीत असे. अखेरच्या काळात ते या दलाच्या प्रमुखांचे वैज्ञानिक सल्लागार होते. या अनुभवावरील त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये प्रकाशित झाले.

१९४७ मध्ये एडिंबरा विद्यापीठात प्राणी जनुकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांना मिळाले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये घरांची टंचाई होती. तेव्हा शहराबाहेरील मॉर्टनहॉल या जुन्या वाड्यात शास्त्रज्ञांची कुटुंबे काही वर्षे एकत्र राहिली. जेवण, चर्चा, मुलांचे खेळ सारे एकाच छपराखाली चाले. वॉडिंग्टन यांच्या पत्नी जस्टिन ब्लँको व्हाइट या वास्तुविशारद होत्या. त्यांच्या दोन मुलींपैकी कॅरोलाइन हम्फ्री या मानववंशशास्त्रज्ञ, तर डूसा मॅकडफ या गणितज्ञ म्हणून पुढे नावारूपास आल्या.

एडिंबराची ही संस्था थोड्याच काळात जगातील मोठ्या जनुकशास्त्र केंद्रांपैकी एक झाली. मस्टर्ड गॅसमुळे जनुकांत बदल होतात हे दाखविणाऱ्या शार्लोट आउअरबाख तेथेच होत्या. मादी सस्तन प्राण्यांच्या पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते, हा सिद्धांत १९६१ मध्ये मांडणाऱ्या मेरी लायन यांनीही सुरुवातीची काही वर्षे तेथेच काम केले होते.

उन्हाचा चटका आणि चौदा पिढ्या

एडिंबरातील वॉडिंग्टन यांचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या कोशांना त्यांनी ठरावीक वेळी चार तास ४० अंश सेल्सिअस तापमानात ठेवले. त्यातून बाहेर पडलेल्या काही माश्यांच्या पंखांवरील आडवी शीर नाहीशी झाली होती. अशाच माश्या निवडून त्यांची पैदास केली आणि प्रत्येक पिढीला तोच चटका दिला. शीर नसलेल्या माश्यांचे प्रमाण पिढीगणिक वाढत गेले. चौदाव्या पिढीत मात्र वेगळेच घडले. ज्यांना चटका दिलाच नव्हता, अशा काही माश्याही शिरेविना जन्मल्या. त्यांच्यापासून पुढे असे वंश तयार झाले, की ज्यांत उष्णतेची गरजच उरली नाही.

वरवर पाहता, आयुष्यात मिळविलेला गुण संततीत उतरतो, हे लामार्कचे जुने मतच जणू सिद्ध झाले होते. आणि तो काळ मोठा नाजूक होता. सोव्हिएत संघात ट्रोफिम लायसेन्को यांनी अशाच मताच्या आधारे १९४८ मध्ये जनुकशास्त्रावर बंदी आणविली होती. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह हे त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मरण पावले होते. या पार्श्वभूमीवर असा प्रयोग प्रसिद्ध करणे म्हणजे आपल्या व्यवसायबंधूंचा संशय ओढवून घेणेच होते. त्यातच वॉडिंग्टन यांचा राजकीय कल डावीकडे होता.

वॉडिंग्टन यांनी ना प्रयोग लपविला, ना त्याचा भलता अर्थ लावू दिला. त्यांचे स्पष्टीकरण लामार्कचे नव्हते. माश्यांच्या त्या समूहात शिरेच्या घडणीवर थोडाफार परिणाम करणारी अनेक जनुके आधीपासूनच होती. सामान्य परिस्थितीत त्यांचा परिणाम दिसत नव्हता, कारण वाढीची प्रक्रिया लहानसहान धक्के पचवून ठरलेल्या आकाराकडेच जाते. उष्णतेच्या चटक्याने हे दडलेले भेद उघड केले आणि निवडीने ते एकत्र आणले. पुरेसे एकत्र आल्यावर चटक्याची आवश्यकता राहिली नाही. याचा पडताळाही घेण्यात आला. जवळच्या नात्यात पैदास करून ज्यांच्यातील जनुकीय विविधता संपविली आहे, अशा माश्यांत हा परिणाम मिळत नाही, असे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. म्हणजे उष्णतेने नवे काही निर्माण केले नव्हते. आत दडलेल्या सिद्धतेलाच तिने वाट करून दिली होती.

तरीही अनेक उत्क्रांतिशास्त्रज्ञांनी या कामाकडे दुर्लक्ष केले. १९९८ मध्ये सुझन रदरफोर्ड आणि सुझन लिंडक्विस्ट यांनी उष्णतेपासून पेशीचे रक्षण करणाऱ्या एका प्रथिनाचा अभ्यास केला आणि ते प्रथिन कमी पडले की फळमाशीतील दडलेले भेद उघड होतात, असे दाखविले. तेव्हा वॉडिंग्टन यांच्या जुन्या निबंधांवरची धूळ पुन्हा झटकली गेली.

पाटाचे पाणी

१९५७ मध्ये त्यांनी ‘द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील एक आकृती आज जीवशास्त्राच्या असंख्य पुस्तकांत आढळते. एका डोंगरउतारावर वरच्या टोकाला एक चेंडू ठेवलेला आहे. खाली उतरत जाणाऱ्या घळी आहेत, त्यांना पुढे फाटे फुटत जातात. चेंडू म्हणजे पेशी. उतारावर ती कोणत्या ना कोणत्या घळीत शिरते आणि जसजशी खाली जाते तसतशी घळ खोल होत जाते. मग तिला बाजूची कड चढून शेजारच्या घळीत जाणे अवघड होते.

याच ग्रंथात आणखी एक आकृती आहे. तिची चर्चा तुलनेने कमी होते. तीत तोच उतार खालच्या बाजूने दाखविला आहे. जमीन म्हणजे ताणलेले कापड आहे आणि त्याला खालून असंख्य दोऱ्या बांधलेल्या आहेत. दोऱ्यांची दुसरी टोके खुंट्यांना बांधलेली आहेत. खुंट्या म्हणजे जनुके. कापडाचा चढउतार अनेक दोऱ्यांच्या एकत्रित ताणातून ठरतो. एखादी खुंटी उपटली तरी सारा डोंगर कोसळेलच असे नाही. एक जनुक म्हणजे एक गुण, हे समीकरण इतक्या सोप्या रीतीने मोडून काढणारे चित्र दुसरे क्वचितच असेल.

आपल्याकडे शेतकऱ्याला हा विचार पाटाच्या पाण्यावरून चटकन समजेल. पाट खोल असेल तर वाटेत ढेकूळ पडले तरी पाणी वळसा घालून पुन्हा पाटालाच लागते. पाट उथळ असेल तर थोड्याशा अडथळ्यानेही ते भलत्या वाफ्यात शिरते. वाढीच्या या गुणासाठी वॉडिंग्टन यांनी वापरलेला इंग्रजी शब्दही कालव्यावरूनच घडविलेला होता.

एडिंबरातून पुण्याकडे

वॉडिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत भारतीय संशोधकही होते. त्यांतील एक नाव महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पुण्याच्या लीला मुल्हेरकर यांनी १९५० च्या दशकात एडिंबरा येथे वॉडिंग्टन यांच्याबरोबर कोंबडीच्या भ्रूणावर काम केले. १९५७ मध्ये दोघांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला, तो कलकत्त्याच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या स्मृतिअंकात. अंड्याबाहेर भ्रूण वाढविण्याचे तंत्र घेऊन मुल्हेरकर परतल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी या विषयाची परंपरा रुजविली. केंब्रिजच्या काचपात्रात सुरू झालेला धागा असा पुण्यापर्यंत पोहोचला.

१९६० च्या दशकात एडिंबरात एपिजेनेटिक्सला वाहिलेला स्वतंत्र संशोधन गट उभा राहिला. १९६६ ते १९७० या काळात इटलीतील कोमो सरोवराकाठी वॉडिंग्टन यांनी सैद्धांतिक जीवशास्त्रावर परिषदा भरविल्या. गणितज्ञ रेने थोम, भ्रूणवैज्ञानिक लुईस वोल्पर्ट आदी मंडळी तेथे एकत्र आली. १९६९ मध्ये चित्रकला आणि विज्ञान यांच्या संबंधावरील त्यांचा ग्रंथ आला. मॉरिस या इंग्रजी लोकनृत्याची आवड असलेला, डोंगर चढणारा, चित्रकारांत रमणारा हा शास्त्रज्ञ एका विषयाच्या चौकटीत कधीच मावला नाही. इतक्या वाटांवर फिरल्याने एकाही वाटेच्या टोकाला ते पोहोचले नाहीत, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. रेणूंच्या पातळीवरचे पुरावे त्यांच्या हयातीत फार थोडे मिळाले.

२६ सप्टेंबर १९७५ रोजी एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ब्रिटनमधून रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी आणि अमेरिकेतून आर्थर रिग्ज यांनी स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली. डीएनएवर मिथिल गटाची खूण उमटते, पेशी विभागली तरी ती खूण टिकते आणि तिच्यामुळे जनुके चालू वा बंद राहू शकतात, अशी ती कल्पना होती. घळ खोल होते म्हणजे काय होते, याचे रासायनिक उत्तर मिळू लागले, ते असे त्यांच्या अखेरच्या वर्षात.

वारसा आणि सावधानता

त्यानंतर एपिजेनेटिक्स या शब्दाचा अर्थ आक्रसला. डीएनएचा मजकूर न बदलता जनुकांच्या कार्यात होणारे आणि पेशीविभाजनातून टिकणारे बदल, एवढाच अर्थ आज प्रामुख्याने घेतला जातो. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या साह्याने उंदराच्या प्रौढ पेशीला पुन्हा आरंभीच्या अवस्थेत नेले आणि २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासमवेत त्यांना नोबेल मिळाले. चेंडू घळीतून पुन्हा डोंगरमाथ्यावर नेता येतो, असे या शोधाचे वर्णन सर्वत्र झाले. चित्र अर्थातच वॉडिंग्टन यांचे होते.

माणसाच्या आरंभीच्या आयुष्याचा प्रश्नही या निमित्ताने ऐरणीवर आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला होता. त्या काळात गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला असलेल्या व्यक्तींच्या एका वाढविषयक जनुकावरील मिथिल खुणा सुमारे ६० वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी असल्याचे २००८ मध्ये आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रिया व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या या अभ्यासातील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ती ब्रिटिश बालकांपेक्षा कृश, पण त्या मानाने अधिक चरबी राखून असलेली होती. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलांत मधुमेहाकडे नेणारी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसते, असेही या अभ्यासातून पुढे आले.

अशा संशोधनाचे महत्त्व मोठे आहे. मात्र त्याचबरोबर या शास्त्राचे नाव पुढे करून नाना प्रकारचे दावे केले जातात. गरोदर स्त्रीने काय ऐकावे, काय पाहावे, मनात कोणता विचार आणावा, यावर मुलाची बुद्धी आणि स्वभाव ठरतो, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पुढे मुलात काही उणे आढळले की दोष पुन्हा आईच्याच माथी. माणसात अशा खुणा नातवंडांपर्यंत पोहोचतात काय, हा प्रश्न तर शास्त्रज्ञांतही वादाचाच आहे.

अशा वेळी वॉडिंग्टन यांचे मूळ चित्र पूर्ण पाहणे उपयोगाचे ठरते. त्यांनी दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या होत्या. काही ठरावीक काळात भ्रूण बाहेरच्या परिस्थितीला दाद देतो, म्हणून त्या काळातील पोषणाची उणीव ही गंभीर बाब आहे. मात्र वाढीच्या वाटा पाटासारख्या खोल असल्याने लहानसहान धक्के ती पचविते, म्हणून प्रत्येक क्षुल्लक गोष्टीने मूल बिघडते, ही भीती निराधार आहे. आईला सकस आहार आणि वेळेवर औषधोपचार मिळवून देणे हे समाजाचे काम होय. तिच्या प्रत्येक विचारावर पहारा बसविण्याला मात्र या शास्त्रात आधार नाही.

जनुके म्हणजे ललाटरेषा मानणारे आणि माणूस म्हणजे ओल्या मातीचा गोळा मानणारे, असे दोन तट आजही आहेत. रसायनाच्या शोधात हरलेल्या या भ्रूणवैज्ञानिकाने दोन्ही तटांना एकच प्रश्न विचारला होता. बाहेरून हाक कोणतीही येवो, ती ऐकण्याची सिद्धता आत कशी तयार होते? त्यांच्या पश्चात या प्रश्नाची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी मिळू लागली आहेत. प्रश्न मात्र त्यांनी विचारला तसाच, आजही तितकाच नेमका आहे.